उजवीकडचं चित्र

एरेंदिराच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. सोनोग्राफीच्या पडद्याची छापील प्रत, लागोपाठ घेतलेली दोन चित्रं शेजारी शेजारी. डावीकडच्या चौकटीत एक पांढुरकं इवलंसं बाळ, उजवीकडच्या चौकटीत दुसरं, जरा लहान. तिची थोरली बहीण आंपारो कितीतरी वर्षं वाट पाहून गरोदर राहिली होती आणि डोंगरातल्या तिच्या गावच्या दवाखान्यातल्या नर्सने तिला सांगितलं होतं, जुळी आहेत. ज्या यंत्रावर हे दिसलं ते एरेंदिराच्याच कंपनीचं. नवीन होतं, काही दवाखान्यांना नुसतं वापरून बघायला दिलेलं. त्या यंत्राची चिप आणि पडदा यांच्यात निरोप्याचं काम करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, ग्वादालाहारा शहरातल्या या ऑफिसात लिहिला जायचा आणि लिहिणाऱ्यांत एरेंदिरा होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कागद दाखवायची. "आमच्या ड्रायव्हरने मला भाचरं दिली," म्हणायची. "उजवीकडचं बारकं आहे, ते मावशीवर गेलंय." तिच्या कौतुकाला धरबंध उरला नव्हता.

ऑफिसात एक रीत होती. ड्रायव्हरमध्ये जागोजागी पहारेकरी बसवलेले असत. त्यांचं पुस्तकी नाव अ‍ॅसर्ट, पण नासारिओ मास्तर त्यांना पहारेकरी म्हणायचे आणि मास्तर म्हणतील ते सगळे म्हणायचे, कारण तिथल्या निम्म्या लोकांना हे काम त्यांनीच शिकवलं होतं. पहारेकरी म्हणजे एक ओळ : इथे अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, नसेल तर सगळं जागच्या जागी थांबवा. ज्याच्या चुकीवर पहारेकरी यंत्र अडवेल, त्याने सगळ्यांना तोर्ता, म्हणजे तिखट रश्श्यात बुडवलेले भरलेले पाव, खाऊ घालायच्या. दर आठवड्याला कुणाचा तरी बळी जायचा आणि बाकीच्यांच्या शर्टांची वाट लागायची.

पण हे पहारेकरी घरापुरतेच. बाहेर पाठवायच्या आवृत्तीतून त्यांच्या ओळी आपोआप गळून जात. एक तर त्यामुळे वेग वाढतो. शिवाय बाई तपासायला टेबलावर झोपली असताना पडदा काळा होऊन हटून बसला, तर डॉक्टरने काय करायचं? "मीठ चाखायचं ते स्वयंपाकघरात," मास्तर म्हणायचे. "पाहुण्याच्या ताटात बोट घालून नाही." यात काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका सकाळी तक्रारींचे फोन घेणारी मारिक्रूस तणतणत आत आली.

"मास्तर, पुन्हा तेच. उजवीकडच्या चौकटीत कधीकधी जुनंच चित्र राहतं म्हणे."

"आमच्याकडे नाही राहत."

"तुमच्याकडे कसं राहील? तुम्ही स्वर्गात राहता. बिघाड सगळे माझ्या फोनमध्ये राहतात."

"पहारेकरी अडवतील ना, तसं काही असेल तर."

"मग त्यांनाच द्या हा फोन!"

एरेंदिराने मान वर केली. "जुनं म्हणजे कुणाचं?"

"आधी तपासलेल्या बाईचं. दुसरं कुणाचं असणार?"

एरेंदिराने भिंतीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. काहीतरीच, असं मनाशी म्हणाली. पण मनात एकदा किडा वळवळला की तो काही बसू देत नाही. ती उठली आणि चाचणीची बादली पुढ्यात ओढली. ऑफिसात बायका तपासायची सोय नव्हती, म्हणून बादलीभर पाणी आणि त्यात बुडवलेली फळं. आधी लिंबू पाहायचं, मग पेरू. लिंबाच्या आत फोडी दिसतात, पेरूत बिया, त्यामुळे घोळ व्हायला जागा नाही. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. लिंबानंतर पेरू पाहिला की दोन्ही चौकटींत पेरूच. पहारेकरी गप्प, तोर्ता कुणालाच नाहीत.

जेवायच्या वेळी तिला उमगलं की आपण जे दवाखान्यांना देतो ते आपल्यापैकी कुणीच वापरत नाही. सगळ्यांच्या टेबलांवर पहारेकरीवालीच आवृत्ती.

"बाहेरची आवृत्ती घालून बघते, मास्तर."

"तिच्यात पहारेकरी नाहीत, पोरी. चुकलं तर कळायचं कसं?"

"डोळ्यांनी बघू. देवाने कशाला दिलेत?"

मास्तर हसले आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसले. तिने लिंबू पाहिलं. मग पेरू पाहिला. डावीकडच्या चौकटीत बिया आल्या. उजवीकडे फोडी. तिथे अजून लिंबूच होतं.

मग चूक सापडायला वेळ लागला नाही. उजवीकडचं चित्र आधी एका तात्पुरत्या कप्प्यात तयार व्हायचं आणि तिथून पडद्याकडे ओतलं जायचं. ते ओतायचं काम मास्तरांनी पहारेकऱ्याच्याच ओळीत लिहिलं होतं : चित्र ओत, आणि नीट ओतलं गेलं का ते बघ. सगळं एकाच ओळीत, कसं सुटसुटीत! घरी पहारेकरी हजर, म्हणून ओतणंही व्हायचं. बाहेरच्या आवृत्तीत पहारेकरी गेला तो काम काखेत मारूनच गेला. कधी दुसऱ्या कुठल्या कामाच्या ओघात चित्र आपसूक पोचायचं, कधी नाही पोचायचं.

"माझी ओळ," मास्तर म्हणाले.

"मी वाचून होकार दिला होता."

"सगळ्यांनीच दिला होता. फार देखणी ओळ आहे." ते उठले, मारिक्रूसला म्हणाले, "सगळ्या दवाखान्यांना फोन लाव. उजवी चौकट बघू नका म्हणावं, आणि आजवर त्या चौकटीवरून ज्यांना ज्यांना काही सांगितलंय त्यांना परत बोलवा." मग बाहेर गेले आणि तोर्ता घेऊन आले. कुणीतरी चाचरत म्हटलं, पहारेकऱ्याने कुठे पकडलंय, म्हणजे नियम लागू होत नाही. "म्हणून तर आणल्या," मास्तर म्हणाले. त्या दिवशी कुणाच्या शर्टावर डाग पडला नाही.

एरेंदिरा कागदासमोर उभी होती. दोन्ही चित्रांच्या कडेला, चित्र किती खोलवरचं आहे त्याच्या खुणा होत्या. डावीकडे दहा सेंटिमीटर, उजवीकडे चौदा. एकाच बाईची लागोपाठची दोन चित्रं घेताना खोलीचं बटण कोण कशाला फिरवेल? खोली वाढवली की आतलं सगळं बारीक दिसतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. उजवीकडचं बाळ लहान नव्हतंच. ते आंपारोचंच नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेला कागद, आणि आपण त्यावर मावशीपणाचे विनोद करत बसलो. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

मास्तर मागे येऊन उभे राहिले. त्यांनीही खुणा वाचल्या. "नर्स बोलावेल तिला," ते हळूच म्हणाले. "एकच दिसलं तर म्हणतील, दुसरं टिकलं नाही. होतं असं बऱ्याचदा. तुला काही बोलावं लागणार नाही."

"म्हणजे ती नसलेल्या मुलासाठी रडेल, मास्तर. आणि आपण काय खाल्लं, कुठे वाकलो, हे आठवत स्वतःला दोष देत बसेल. मी ओळखते तिला."

मास्तरांनी तिचा फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर जाताना दार ओढून घेतलं.

"एरे? या वेळेला? कामावरून काढलं की काय तुला?" आंपारोचा आवाज खुशीत होता. मागे रेडिओ चालू होता.

एरेंदिराने सगळं सांगितलं. लिंबू, पेरू, खुणा. मध्ये थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

रेडिओ बंद झाला. "म्हणजे एकच."

"यंत्र खोटं बोललं गं. तुझं काही चुकलं नाही, काही गेलेलं नाही. दुसरं कधी नव्हतंच. डावीकडचं आहे ते तुझं, तेवढं खरं आहे. तरी पुन्हा तपासून घे."

"डावीकडचं," आंपारो सावकाश म्हणाली. एरेंदिराने कपाळ भिंतीला टेकवलं. पलीकडून आंपारो म्हणाली, "आणि मी गं, रोज निजताना पोटावर उजवीकडेच जास्त हात फिरवायचे. लहान होतं ना. म्हटलं, याला जरा जास्त लागेल."

"आंपारो..."

"थांब. माझ्याआधी आत चायो गेली होती. टाकीमागची चायो, तू ओळखतेस. तिचं हे पाचवं. बाहेर बाकावर बसून मला म्हणत होती, देवाला कळत कसं नाही, कुणाला हवं नि कुणाला नको." आणि मग ती रडली, मोकळेपणाने, लहानपणी रडायची तशी. एरेंदिराही रडली.

रडणं ओसरल्यावर आंपारोने नाक पुसलं. "दोन दुलया विणल्यात मी," ती म्हणाली. "एक उद्या चायोला नेऊन देते."

"काय सांगशील तिला?"

"सांगेन की तुझं बाळ माझ्या घरी होतं इतके दिवस. हवंहवंसं होतं."