आखूड पायाचा बाक

आमच्या बाईंच्या वर्गातल्या एका बाकाचा पाय आखूड होता. हमखास नापास होणाऱ्या चार बडबड्या मुलींना बाईंनी नेमकं त्यावरच बसवलं. एक जरी हलली, तरी चौघी जमिनीवर! मग त्या इतक्या स्तब्ध बसू लागल्या, की एकीच्या वेणीत चिमणीने घरटं बांधलं. खोटं वाटत असेल तर चिमणीला विचारा. चौघींचे पाढेही पाठ झाले.

एके दिवशी सुतारकाकांनी मायेपोटी तो पाय नीट करून टाकला. लगेच बडबड सुरू, पाढे गुल, आणि परीक्षा आठवड्यावर!

बाई घरून करवत घेऊन आल्या. "काका, कापा!"

"अहो बाई, चांगला धडधाकट बाक?"

"कापा ना काका," चौघी ओरडल्या, "आम्हाला पास व्हायचंय, आणि चिमणीही रुसलीय!"