मुलाण्याची सही

शिवपुत्रने तिन्ही पत्रं टेबलावर ओळीने मांडली आणि पंख्याने उडू नयेत म्हणून एकावर दौत, दुसऱ्यावर सोसायटीचा शिक्का आणि तिसऱ्यावर स्वतःचा चष्मा ठेवला. मग चष्म्याशिवाय वाचता येत नाही हे लक्षात आल्यावर त्याने तो डोळ्यांवर चढवला आणि तिसऱ्या पत्रावर कोपर टेकवलं.

"कुवेतच्या व्यापाऱ्याला हलालचा दाखला हवाय. त्याशिवाय माल विमानातून उतरवूनच घेत नाहीत. या तीन संस्थांचे दाखले त्याला चालतात. यातली एक निवडायची, अक्का."

समोर म्हाळसाबाई बसल्या होत्या, मेंढपाळ सोसायटीच्या चेअरमन. दुष्काळानंतर सांगोल्याकडच्या पस्तीस धनगर घरांनी मेंढरं एकत्र केली, सोलापूरच्या शिवेवर पत्र्याची शेड बांधली आणि बाईला खुर्चीवर बसवलं. कारण बाजारात दलालाशी भांडायला तिच्याइतकं कुणालाच जमत नव्हतं. सोसायटीचा कारकून शिवपुत्र लिंगायत. जन्मात मटणाला हात न लावलेला हा माणूस त्याच मटणाची पत्रं इंग्रजीत लिहायचा, आणि लिहिताना नाकाला रुमाल लावायचा. यावरून सगळे त्याची टिंगल करत, पण त्याच्याशिवाय कुणाचं पानही हलत नसे.

"दुसऱ्या देशांत कोन देतं ह्यो दाखला?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"ज्या त्या देशातली मुसलमानांची संस्था. ऑस्ट्रेलियाच्या मटणावर तिथल्यांचा शिक्का, अर्जेंटिनाच्या मालावर तिथल्यांचा."

"म्हंजी गावागणिक मुलानी येगळा. आपल्यावानीच की."

दाराशी उकिडवे बसलेले दस्तगीर मुलाणी मनापासून हसले. म्हाळसाबाईंच्या गावात बोकड असो की मेंढरू, 'बिस्मिल्ला' म्हणून सुरी फिरवायची ती मुलाण्यानेच. मग ते मटण पाटलाच्या घरी शिजो की धनगराच्या. दुसऱ्या कुणी कापलेलं म्हाळसाबाईंच्या चुलीवर कधी चढलं नव्हतं. आता सोसायटीची मेंढरंही दस्तगीरमामाच कापायचे, आणि हाताखाली त्यांचे दोन भाचे होते.

शिवपुत्रने एकेक पत्र समजावून सांगितलं. मुंबईची संस्था स्वतःचे कापणारे पाठवणार, म्हणजे मामांना घरी बसावं लागणार. दिल्लीच्या संस्थेचा छापील अर्ज भरून धाडला की दाखला टपालाने येतो, कुणी बघायला येत नाही. हैदराबादचे मौलवी मात्र स्वतः येतात, दिवसभर काम बघतात आणि पटलं तरच सही करतात.

"मुंबई नगं," म्हाळसाबाई ताडकन म्हणाल्या. "मामांच्या हातची सुरी काडून दुसऱ्याला द्यायची न्हाय."

"मग दिल्ली. अर्ज मी आजच भरतो."

"न बगता सही करनाऱ्याला इचारतंय कोन? हैद्राबादवाल्याला बोलवा. आमचा मुलानी काय चीज हाय, बगू दे की त्याला."

"अक्का, ते लई बारीक बगत्यात म्हनं," दस्तगीरमामा म्हणाले.

"म्हनूनच!"

माघ संपता संपता मौलवी कुतुबुद्दीन आले. सडपातळ, मृदू बोलणारा माणूस. आल्याबरोबर त्यांनी मेंढरांना पाणी पाजलं का ते विचारलं. मामांची सुरी अंगठ्याच्या नखावर अलगद धरून पाहिली. एका मेंढराला दुसऱ्याचं कापणं दिसू नये म्हणून मामांनी मध्ये गोणपाटाचा पडदा बांधला होता. तो पाहून ते वहीत बराच वेळ लिहीत राहिले. मामा प्रत्येक जनावराच्या मानेवरून आधी हात फिरवत, मोठ्याने अल्लाचं नाव घेत, आणि सुरी एकदाच फिरे. म्हाळसाबाई पदर खोचून बाजूला उभ्या होत्या. त्यांना अभिमानाने अगदी भरून आलं होतं.

दुपारी चहा झाला. मौलवींनी पेनाचं टोपण काढलं आणि सहज विचारलं, "इसके अलावा कहाँ कहाँ काटते आप?"

"गाँव में. शादी-ब्याह में," मामा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी पुढचंही सांगितलं, "और चैत में बिरोबा की जत्रा रहती. नवस के बकरे रहते."

पेन थांबलं. शिवपुत्र खोकला.

"काय म्हनत्यात?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"काही नाही, अक्का."

"बिरोबाच्या जत्रंचं सांगितलं मी त्यास्नी," मामा म्हणाले.

"मग? खरं त्येच सांगितलं की!"

मौलवींनी वही मिटली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "नाम आप अल्लाह का लेते, मैं मानता हूँ. मगर जानवर किसके वास्ते लाया गया, वो भी देखना पड़ता." त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. यापुढे कुठल्याही देवस्थानाच्या नवसाचं जनावर कापणार नाही, असं त्यावर कापणाऱ्याने स्वतःच्या आणि हाताखालच्यांच्या वतीने सही करून द्यायचं होतं. तेवढी सही झाली की दाखला लगेच मिळणार होता.

शिवपुत्रने कागदाचा अर्थ सांगितला. दस्तगीरमामा उठले, सुरी पुसून फडक्यात गुंडाळली.

"ऱ्हाऊ दे, अक्का. चार पिढ्यांचा मान हाय माजा त्या जत्रंत. मुंबईची मान्सं बोलवा तुमी. मी गावाकडं जातो."

म्हाळसाबाईंना स्वतःचाच संताप आला. बारीक बघणारा माणूस हट्टाने त्यांनीच बोलावला होता. शिवपुत्र त्यांच्या कानाशी लागला.

"दिल्लीचा अर्ज आहे माझ्याकडे. त्यावरही हीच ओळ आहे, पण तिथून कोण येतंय बघायला? मामांनी सही करायची, आणि जत्रेत कापायचं ते कापायचं."

बाई दाराकडे वळल्या. बाहेर मेंढरं बें-बें करत होती. त्यातली कुणाची कुठली, हे त्यांना आवाजावरून सांगता आलं असतं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "ज्या हातचं आमी आजवर खाल्लं, त्या हातानं खोटी सही मी करून घेनार न्हाय. मामा, ह्याच कागदावर करा. आनि खरी करा."

"आनि बिरोबा?"

"बिरोबा आमचा हाय. त्येचं आमी बगू."

मामांनी फडक्यातली सुरी बाजूला ठेवली. मग त्यांनी उर्दूत, एकेक अक्षर जोडत, सही केली. मौलवींनी खाली आपली केली आणि उठताना म्हाळसाबाईंना हात जोडले. बाईंनीही जोडले. वाईट वाटत होतं, पण त्या माणसाचा राग काही येईना.

पहिला माल फाल्गुनात गेला. कुवेतहून तार आली आणि शिवपुत्रने ती तीनदा वाचून दाखवली.

चैत्रात जत्रा भरली. नवसाचे बोकड हळद लावून देवळामागे बांधलेले होते आणि गाव सवयीने मुलाण्याची वाट बघत होतं. म्हाळसाबाईंचा दीर बिरप्पा बाह्या सारून पुढे आला.

"मी कापतो की. त्यात काय हाय?"

"कापशील. पर खानार कोन?" बाई म्हणाल्या.

बिरप्पाने बाह्या खाली केल्या. बोकड देवाच्या नावाने सोडून दिले आणि म्हाळसाबाईंनी घरातून डाळ-गूळ काढला. बिरोबाच्या जत्रेला पुरणपोळी म्हणजे काय थट्टा आहे, असं म्हातारे कुरकुरले. बायका मात्र चुली पेटवून कामाला लागल्या.

पोळ्या उलटत असताना म्हाळसाबाईंना दस्तगीरमामा विहिरीकडून येताना दिसले. धुवट सदरा, डोक्याला रुमाल. सही केलेल्या कागदात जेवणाचं काही लिहिलेलं नव्हतं.

"मला वाटलं, येत न्हाय तुमी," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"जत्रंला न्हाय येनार, आसं कसं हुईल?" मामा म्हणाले. मग ओशाळून हसले. "सवयीनं हात धुवायला गेलो हुतो हिरीवर. दोनदा धुतलं. पानी जसंच्या तसं निवळ."

म्हाळसाबाईंनी तोंड फिरवून चुलीत लाकूड सारलं.

दरवर्षी सगळे बोकड कापून, सोलून, हातपाय धुऊन होईतो मामांना दुपार कलायची. ते शेवटच्या पंगतीला बसत, पिंपळाच्या मुळाशी, आणि ती जागा त्यांच्यासाठी कुणी न सांगता मोकळी राही. आज पहिली पंगत आत्ताच बसत होती. पिंपळाखाली पोरांनी खेळ मांडला होता.

"बसा की मामा," बाई म्हणाल्या. "पानं मांडल्यात."

मामांनी पंगतीवरून नजर फिरवली. माणसं सरकायला तयार होती, पण कुणी आधी सरकायचं ते ठरत नव्हतं.

"बसतो," ते म्हणाले. "कुटं बसू?"

पहिल्या पंगतीत मुलाण्याची जागा कोणती, हे त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.