चालत्या ट्रकचं वजन

"समीक्षा, तुज्या आयेला आमी संबालू. आता तरी ये, बाय!" चुलत्यानं, हरेशनं, पिंडासमोर पुन्हा हात जोडले.

गाढी नदीच्या काठी दहाव्याला जमलेली माणसं तासभर मान वर करून बसली होती. मेले कावळे समोरच्या तारेवर रांगेनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ! हायवेवर स्कुटी घसरली आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची पोर गेली. तिचा जीव नेमका कशात अडकलाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या घराला तिचं नाव देऊ म्हणून झालं, जिताडा माशाचं कालवण कबूल करून झालं.

तिचा बाप बळीराम पायरीवर बसून होता. दहा दिवसांत त्याला रडू आलं नव्हतं. भूक मात्र लागायची. तो जेवायचा, आणि आपण जेवतो याची त्याला लाज वाटायची.

"दादा, तू बोल. तुजंच ती आयकंल."

"मना काय ठाव, तिला काय पायजे व्हतं?"

तेव्हा मागे उभी असलेली तिची कॉलेजची मैत्रीण चारुता पुढे आली. "काका, तिचा एक प्रश्न अर्धा राहिलाय. कण खूप वेगात असला तर त्याला जास्त जड म्हणायचं का? आणि मोठ्या ताऱ्याजवळ, तेवढ्या गुरुत्वाकर्षणात, त्याचं वस्तुमान बदलतं का? सर म्हणायचे, नाही बदलत. ही म्हणायची, पटवून द्या. दोन वर्षं भांडली त्यांच्याशी. वहीभर गणितं आहेत."

बळीराम उरण रस्त्यावरच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं कंटेनर तोलत आला होता. ट्रक पुरता थांबून ड्रायव्हर खाली उतरल्याशिवाय आकडा धरायचा नाही, हा तिथला नियम. सात वर्षांची समीक्षा आईबरोबर डबा घेऊन यायची. एकदा तिनं विचारलं होतं, "पप्पा, चालता ट्रक जास्त भरतो का?" मागे गाड्यांची ही रांग लागलेली. तो खेकसला होता, "ट्रक तेवराच हाय! घरा जा."

म्हणजे पोरीनं तेव्हाही मानलं नव्हतं तर. इतकी वर्षं तोच प्रश्न उराशी धरून बसली, आणि बापाला पत्ता नाही.

तो उठला. पिंडासमोर उकिडवा बसला.

"पोरी, मी नववी नापास. पन तुजी वही मी शिकन. या चारुताकडशी शिकन. काय उत्तर येल ते तुला सांगन. तवर..."

बोलणं पुरं व्हायच्या आत एक कावळा उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली.

"शिवला, शिवला!" बायांनी डोळ्यांना पदर लावले. हरेशनं हुश्श केलं. माणसं उठून चपला शोधू लागली.

बळीराम जागचा हलला नाही.

"यवऱ्या लवकर?" तो हळूच म्हणाला. "सरांचं दोन वरसा मानलंस नाय. मग माजं कशाला गो लगेच मानलंस?"