पुरुषांच्या रांगेत

ताई टँगो शिकायला गेली ती कुणीतरी आपल्याला धरावं म्हणून. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी भलताच अर्थ काढला असता, पण खरं ते खरं. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक, आणि घाबरट लोकांना गर्दीतून सुखरूप बाहेर काढायचं, हे तिचं काम. तिच्या अंगाला माणसाचा हात लागायचा तो दवाखान्यात ब्लडप्रेशर मोजताना. एकदा कंपाउंडरनं दंडावरचा पट्टा सोडला तेव्हा तिला चक्क वाईट वाटलं, आणि मग घरी येईपर्यंत स्वतःची लाज वाटत राहिली.

स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरचा लांबट हॉल. एका भिंतीला आरसे, खाली लाकडी फरशी, दाराशी बूट बदलायचा बाक. शिकवणाऱ्याला सगळे सर म्हणत. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, "अर्जेंटाइन टँगोत पाठ केलेलं काही नसतं. पुरुषानं तिथल्या तिथं ठरवायचं आणि बाईनं ऐकायचं. कानानं नाही, छातीनं. तो वळला की तुम्ही वळलात." बाकीच्या बायकांनी नाकं मुरडली. आम्ही काय म्हणून त्यांचं ऐकायचं, वगैरे. ताईला मात्र ते ऐकून आतून गार वाटलं. दिवसभर दुसऱ्यांसाठी ठरवून ठरवून जिचा जीव आंबून गेलाय, तिला विचारा ना, एखादं गाणंभर कुणी आपल्यासाठी ठरवलं तर काय होतं ते.

पण घोडं अडलं पुरुषांपाशी. असल्या क्लासला पुरुष येतात कुठे? येतो तो बायकोनं ओढून आणलेला, नाहीतर गुडघ्याच्या डॉक्टरनं धाडलेला, आणि दोघंही फार टिकत नाहीत. बायकांची ही गर्दी, आणि पुरुष हाताच्या बोटांवर. सरांनी एक नजर फिरवली. ताई उंच, खांद्यानं रुंद, पाऊल ठाम.

"ताई, आजच्या दिवस जरा पुरुषांत उभ्या राहता? तात्पुरतं हो."

त्या तात्पुरत्याला तीन वर्षं झाली. नाही म्हणायला ताईला कधी जमलंच नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या डोक्यावर लोक आनंदानं गाठोडी ठेवतात, त्यात नवल ते काय. वाईट एवढंच झालं की तिला ते फार चांगलं येऊ लागलं. समोरचं, बाजूचं, आरशातलं सगळं तिला दिसायचं. कुठली जोडी आता थांबणार, कुणाची टाच कुणाच्या पायावर येणार, हे तिला आधी कळायचं. तिच्या हातात आलेली बाई दोन गाण्यांत निवांत व्हायची आणि डोळे मिटायची. "ताई, तुमच्यासारखं कुणी नेत नाही," असं म्हणत बायका तिच्यापुढे नंबर लावायच्या.

आणि शनिवारी संध्याकाळी त्याच बायका तिच्याकडे ढुंकून बघत नसत. शनिवारी हॉलमध्ये नाच असायचा, बाहेरचे पुरुष यायचे. टँगोत बाईला हाताला धरून उठवत नाहीत. लांबून नजरेनं विचारायचं, तिनं मान हलवली तर जायचं, तिनं नजर फिरवली तर काय ते समजायचं. कुणाचा अपमान नाही, बोभाटा नाही, फार सभ्य पद्धत. ताई खुर्चीत ताठ बसायची आणि पुरुषांच्या नजरा तिच्यावरून अशा घसरत जायच्या जणू ती भिंतच. एकदा एक चष्म्याचा दुकानदार थेट तिच्या रोखानं आला. ती अर्धी उठलीसुद्धा. तो शेजारच्या खुर्चीवर बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, त्या निळ्या झग्यावालीला वळवताना माझा तोल जातो. काय करावं?" ताईनं त्याला सांगितलं काय करावं ते. व्यवस्थित सांगितलं.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. दिसायला देखणी, जिभेला हाड नाही. घटस्फोटाचे कागद हातात पडले आणि ती सामानसुमानासकट ताईच्या घरी दाखल झाली. दिवसभर पलंगावर पडून राहायची आणि रडायची. तिचं मन रमावं म्हणून ताई तिला स्टुडिओत घेऊन गेली.

"तू तिथं बाप्या होऊन नाचतेस?" धाकटीनं पहिल्या दिवशी बाकावर बूट बदलताना विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बरोबर आहे म्हणा. तुला शोभतंय."

तरी ताईनं तिला शिकवलं. क्लासमध्ये शिकवलं, घरी स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सारून शिकवलं. "काही करू नकोस. वजन टाक माझ्यावर. पुढचं पाऊल कुठलं याचा विचार माझा, तू फक्त थांब." जे जे आपल्याला कुणी म्हणावं असं ताईला वाटत होतं ते ते सगळं तिनं धाकटीला म्हटलं. धाकटीनं भरभर उचललं. काही महिन्यांत शनिवारी तिला बसायला फुरसत मिळेना, आणि क्लासमध्ये ताईचा नंबर आला की ती पाणी प्यायला जायची. "घरी तूच, इथंही तूच," ती म्हणाली. "जरा खऱ्या पुरुषांबरोबर नाचू दे की."

अशात बातमी आली की पाहुणा येणार. जिथला हा नाच तिथलाच माणूस, जन्म यात घालवलेला, साठीचा. दिवसभर त्याचं वर्कशॉप, आणि संध्याकाळी तो प्रत्येक बाईबरोबर एकेक गाणं नाचणार. ताईला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना गाठलं.

"सर, या वेळी मी बायकांत."

"अहो ताई, तुम्ही नसलात तर जोड्या कशा लागणार?"

"ते तुम्ही बघा. मला एक गाणं त्यांच्याबरोबर नाचायचंय, बाई म्हणून. मी आजवर काही मागितलंय?"

सरांनी डोकं खाजवलं आणि शब्द दिला. ताईनं टाचांचे बूट आणले, आयुष्यात पहिल्यांदा. रोज संध्याकाळी ती घरातल्या बोळात उलटी चालू लागली, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत, एक हात हवेत कुणाच्या तरी खांद्यावर. धाकटी पायाच्या नखांना रंग लावत बघायची.

"रिव्हर्स घेतल्यासारखी मान काय वळवतेस?"

"मागचं दिसत नाही म्हणून."

"मागचं त्यानं बघायचं असतं, बाई."

"मग तू मला जरा ने ना. सवय होईल."

"मला नाही येत ते," धाकटी म्हणाली. "मी बाई आहे." आणि तिनं रंगाच्या बाटलीचं झाकण लावलं. ताईला ते जिव्हारी लागलं, पण ती पुन्हा बोळाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

वर्कशॉपच्या सकाळी ताई टाचा घालून बायकांच्या रांगेत उभी होती. एका पुरुषाची कंबर आखडली म्हणून तो आला नाही. सर तिच्याकडे येताना दिसले तेव्हाच तिला कळलं.

"फक्त दिवसभर, ताई. संध्याकाळ तुमची. आईशप्पथ."

इथं तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण समोर एक कोवळी मुलगी जोडीदाराविना उभी होती, रडवेली झाली होती, आणि ताईचा स्वभाव तुम्हाला आता माहीत झालाय. तिनं बाकावर बसून टाचा काढल्या, सपाट बूट चढवले आणि पुरुषांच्या रांगेत गेली. दिवसभर तिनं बायका नेल्या, आणि मन लावून नेल्या. तिला वाईट काम करता येत नसे, हाच तिचा मोठा दोष.

पाहुणा मधूनमधून एखादीला हातात घेऊन दाखवायचा. धाकटीला घेऊन तो अर्धी फेरी नाचला आणि थांबला. आपल्या भाषेत काहीतरी बोलला. सर दुभाषे होते, त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "ते विचारतायत, इतकं शांत राहायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

ताई हातभर अंतरावर उभी होती.

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "उपजतच असेल."

सगळे हसले. ताईही हसली. मग तिनं आपल्या हातातल्या मुलीचा खांदा नीट केला, कारण तो वर चढला होता.

संध्याकाळी दिवे मंद झाले, खुर्च्या भिंतीला लागल्या. एकेक बाई पाहुण्याबरोबर नाचून, गाल लाल करून परत येत होती. ताई टाचांत पाय घालून बसली होती आणि तिचे तळवे ओले झाले होते. शेवटी पाहुण्यानं हॉलच्या त्या टोकाहून तिच्याकडे पाहिलं. नजर घसरली नाही, थांबली. त्यानं मान किंचित झुकवली. तीन वर्षांत तिच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. ती उठली.

त्याचा हात पाठीवर आला. अगदी हवा तिथं, हवा तेवढा. दुसऱ्या हातानं त्यानं तिचा हात धरला आणि काहीच केलं नाही, नुसता थांबला, तिचा श्वास खाली बसेपर्यंत. एवढंच हवं होतं हो, याहून जास्त काही नको होतं. पहिली दोन पावलं ती तरंगत गेली.

तिसऱ्या पावलाला तिला त्याच्या खांद्यावरून एक जोडी मागून येताना दिसली. तिनं त्याला बाजूला घेतलं. म्हणजे तिनं नाही, तिच्या अंगानं. तो क्षणभर गोंधळला, मग हसून पुन्हा सुरुवात केली. ताईनं डोळे मिटून घेतले. काही करू नकोस, तिनं स्वतःला बजावलं, वजन टाक, थांब. पण डोळे मिटले तसं अंग आणखी सावध झालं. तो डावीकडे निघाला आणि तिनं उजवीकडची मोकळी जागा ताडली. तो थांबला आणि ती आधीच निघाली होती. त्यानं वळवलं तर तिच्या पायानं खाली ब्रेक दाबला, तिथं ब्रेक नव्हता तरी. दुसऱ्यांना नेणं तिच्या असं अंगवळणी पडलं होतं की आता ती कुणाच्या हातात मावेना. धाकटीला आठवडाभरात जमलेली गोष्ट तिला येत नव्हती, येणार नव्हती, आणि हे तिला त्या माणसाच्या छातीशी उभं असतानाच कळलं.

पाहुणा थांबला. तिच्या कानाशी वाकून अगदी हळू, तिच्यापुरतं, काहीतरी बोलला. तिला काय कळणार? तिनं सरांकडे पाहिलं. सर गाण्यांच्या टेबलाशी माइक धरून उभे होते. कर्तव्यदक्ष माणूस. तिथूनच त्यांनी पाहुण्याला पुन्हा सांगायला लावलं आणि मोठ्यानं जाहीर केलं, "ते म्हणतायत, ताई, तुम्ही मला नेऊच देत नाही. गाडी तुम्हीच चालवताय."

हॉल हसला. जुन्या, मायेच्या हसण्यानं हसला, कारण सगळ्यांना ताई माहीत होती. भिंतीपाशी धाकटी सगळ्यांत जोरात हसत होती.

पाहुणाही हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तेच तर वाईट होतं. त्यानं तिचा हात आपल्या खांद्यावरून काढला आणि आपल्या पाठीमागे नेऊन ठेवला. आपला हात तिच्या खांद्यावर टाकला. पुरुषाच्या जागी तिला उभं केलं, आपण बाईच्या जागी गेला, आणि डोळे मिटले.

गाणं चालू होतं. नाही म्हणून खुर्चीत जाऊन बसावं, असं ताईच्या मनात आलं. मग दुसरंच मनात आलं. हॉलच्या मध्यावर एक खांब होता, लोखंडी, आणि पाहुण्याची पाठ त्या बाजूला होती. चार पावलं सरळ नेलं की पुरे. इतका राग तिला जन्मात कुणाचा आला नव्हता. तिनं त्याला घेतलं आणि खांबाच्या रोखानं निघाली. तो बिनघोर मागे मागे जात होता.

खांब वीतभर उरला तेव्हा तिच्या हातानं त्याला अलगद वळवून घेतलं. हात तिला विचारायला थांबला नाही.

मग ती नाचली, म्हणजे तिनं त्याला नेलं. दिवसभर दुसऱ्यांना नेऊन तो म्हातारा थकला असणार. हळूहळू त्याचं वजन तिच्यावर आलं. कपाळ तिच्या कपाळाला टेकलं. अर्ध्या गाण्यात त्यानं खोल, लांब श्वास सोडला, आणि तो तिला आपल्या छातीत ऐकू आला. बाकीच्या जोड्या नाचायच्या थांबून बघू लागल्या.

गाणं संपलं. पाहुण्यानं तिला सोडलं नाही. डोळे न उघडताच तो काहीतरी बोलला, आवाज जड झाला होता.

"ते म्हणतायत," सर माइकवरून म्हणाले, "इतक्या वर्षांत मला कुणी असं सांभाळून नेलं नव्हतं. मला वाटलं होतं आता कुणी नेणारही नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या वाजल्या. "आमची ताई आहे ती," धाकटी शेजारणीला सांगत होती. "मी तिच्याकडूनच शिकले."

दुसरं गाणं लागलं. पाहुण्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसतं डोकं पुन्हा तिच्या कपाळाला टेकवलं आणि वाट पाहत उभा राहिला. टाचांच्या बुटांत ताईचे पाय ठणकत होते. तिनं समोरची जागा मोकळी आहे का ते पाहिलं आणि त्याला घेऊन निघाली.