यंत्रघरातलं हिरवं पाकीट

शेवटचा डबाही पास झाला आणि ताईचा चेहरा उतरला.

मी शिडीवर होते आणि नुकतीच हात वर करून नाचायच्या बेतात होते. शाळेत आम्ही अशी चाचणी करतो, तेव्हा डबा पास झाला की टाळ्या पडतात. डबा म्हणजे वायफायचा, छताला चिकटवलेला, पांढरा, थाळीएवढा. त्याच्यावर चोरासारखी चढाई करायची, सगळ्या युक्त्या वापरून बघायच्या आणि तो बधला नाही की खूश व्हायचं. ताईने सकाळपासून वृद्धाश्रमातल्या एकेका डब्यावर अशी चढाई केली होती. एकही बधला नव्हता.

"ताई, सगळे पक्के निघाले," मी म्हटलं.

"हो ना," ती लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली. "एखादा तरी फुटायला हवा होता गं, आ-यु."

माझी ताई, श्वे पिन-हान, या वृद्धाश्रमाचं वायफाय आणि संगणक सांभाळते. महिन्याभरात इथल्या आजी-आजोबांची आणि त्यांना भेटायला येणाऱ्यांची गप्पांच्या ॲपवरची खाती चोरीला जायला लागली होती. आश्रमाचं वायफाय जोडलं की एक पान उघडायचं, 'स्वागत आहे, आपलं खातं आणि पासवर्ड भरा' म्हणायचं. माणसं भरायची. संध्याकाळपर्यंत खातं दुसऱ्याचं. ताईने असं पान कधी बनवलंच नव्हतं. पण पानावर नाव आश्रमाचं, वायफाय आश्रमाचं आणि वायफायच्या सगळ्या किल्ल्या एकट्या ताईच्या डोक्यात.

चार वाजता नातेवाइकांची सभा होती. तोवर वायफायमधलं भोक सापडलं नाही तर पोलिसांकडच्या तक्रारीत ताईचं नाव जाणार होतं. त्साओ बाईंनी, म्हणजे संचालकांनी, तसं सरळ सांगितलं होतं. बाई वाईट नाहीत. पण नातेवाईक रोज त्यांच्या टेबलावर मूठ आपटून जात होते.

त्या आत आल्या आणि ताईने त्यांच्याकडे लॅपटॉप वळवला.

"सगळे सुरक्षित आहेत, संचालक. बाहेरून कुणी फोडू शकत नाही."

त्साओ बाईंनी पडद्यावरच्या, पास झाल्याच्या हिरव्या खुणा बोटाने मोजल्या. "म्हणजे बाहेरून कुणी आलंच नाही."

"नाही."

"मग आतून कोण, पिन-हान?"

ताईने लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. माझ्या तेव्हा लक्षात आलं, ती सकाळपासून स्वतःच्याच गळ्यातला फास आवळत होती. भिंत जितकी पक्की निघाली, तितकी नजर किल्लीवालीकडे वळली. आणि चाचणीत लबाडी करणं तिच्या रक्तात नाही. ती खेळतानासुद्धा मला कधी जिंकू देत नाही.

त्साओ बाई गेल्यावर मी शिडीवरून उतरले. "मी त्यांना समजावते."

"तू? मागच्या सत्रापर्यंत हजेरी द्यायला घाबरायचीस."

"आता नाही घाबरत. वादविवादाच्या संघात निवड झालीय माझी."

"ते सगळ्या शिंचू शहराला माहीत आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही सांगून झालंय तुझं." ती हसली. मग तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले आणि तशीच बसून राहिली. बाहेर वारा खिडक्यांना धक्के देत होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आईला आधी मी सांगेन," ती तळहातांमागून म्हणाली. "तू तोंड उघडू नकोस."

"सांगायला काय आहे? तू काही केलंच नाहीस."

"हे ऐकून कोण घेणार आहे?"

मी काम शोधलं. जेवणघरातल्या डब्याचा क्रमांक नोंदवून घ्यायचा राहिला होता. त्यासाठी त्याची वायर काढली आणि डबा खाली आणला. डबा मेला, त्याचा दिवा विझला. माझ्या खिशातला फोन मात्र टिकटिकतच राहिला.

त्या फोनवर शाळेचं एक ॲप होतं. वायफायचा उगम जवळ आला की ते भराभर टिकटिकतं, लांब गेला की संथ होतं. जेवणघरातला डबा माझ्या हातात मेलेला, आणि फोन भरल्या पावसासारखा वाजतोय.

"ताई. हा बंद आहे ना?"

तिने डबा हातात घेऊन बघितला. फोन बघितला. मग पडद्यावरचा क्रमांक डब्याच्या पाठीवरच्या क्रमांकाशी ताडून बघितला.

"नाव आपलं," ती सावकाश म्हणाली. "यंत्राचा क्रमांकही याचाच. हा तर माझ्या हातात आहे."

"म्हणजे इथे दुसरा कुणीतरी याचं सोंग घेऊन बसलाय."

ती इतक्या झटक्यात उठली की खुर्ची पडली. सकाळपासून आम्ही आमचेच डबे तपासत होतो. चोराने आमचा डबा फोडलाच नव्हता. त्याने शेजारी आपला मांडला होता, आमचं नाव लावून.

आता तो शोधायचा. मी फोन हातात घेऊन जेवणघरभर फिरले. माशांच्या पेटीपाशी टिकटिक वाढली, घड्याळाच्या भिंतीपाशी नुसती झड लागली. आम्ही घड्याळ उतरवलं, कॅलेंडर काढलं, सुलेखनाची चौकट उतरवली, तिच्यामागे फक्त पाल होती. भिंतीवर कान ठेवून मी टकटक केली. भिंत भरीव होती.

"हिच्या पलीकडे काय आहे?"

"यंत्रघर," ताई म्हणाली.

यंत्रघर म्हणजे कोठीएवढी खोली. आत वायरींनी भरलेलं एक लोखंडी कपाट, भिंतीला पाठ लावून उभं. आम्ही धावत वळसा घालून तिथे गेलो. दार उघडताच फोन मंदावला. कपाटापाशी नेला तर टिक, आणि मग बऱ्याच वेळाने दुसरी टिक. ताईने तरीही कपाट उघडून नेटवर्कची एकेक वायर बोटाने चाचपली. सगळ्या तिनेच लावलेल्या. कपाटाच्या डोक्यावर भिंतीला टेकून मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट उभं होतं, नेहमीसारखं. यंत्र शहाण्यासारखं चालावं म्हणून आमच्याकडे असं पाकीट ठेवतातच. हिरवंच ठेवायचं, पिवळं ठेवलं की यंत्राचे बिघाडाचे पिवळे दिवे लागतात, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. उघडायचं नाही, खायचं नाही, उगाच हलवायचं नाही, आणि तारीख उलटली की बदलायचं.

"इथे नाही," ताई म्हणाली. "इथे असता तर ओरडला असता."

आम्ही परत जेवणघरात आलो. पुन्हा झड. पुन्हा यंत्रघर, पुन्हा शांतता. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. उजेड कलायला लागला होता. नातेवाइकांच्या गाड्या फाटकातून आत येत होत्या आणि प्रत्येक दाराच्या आवाजाला ताई दचकत होती. मला वेड लागायची पाळी आली. भिंतीच्या एका बाजूला ओरडतो, दुसऱ्या बाजूला गप्प, आणि मध्ये तर वीटच.

थांग आजोबा त्याच भिंतीशी बसून सूप पीत होते. त्यांचं खातंही गेलं होतं. त्यात त्यांच्या बायकोचे आवाजी निरोप होते, आणि बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. रोज जेवणाआधी ते एक निरोप मोठ्याने लावायचे, त्यामुळे आख्ख्या जेवणघराला तो पाठ होता: "मफलर घे, म्हाताऱ्या. वारा काही तुझा जावई नाही." आता ते जेवणाआधी फोन काढायचे, दाबायचे, बघायचे आणि परत ठेवायचे.

"सापडलं का गं?"

"सापडेल, आजोबा." मी खुर्चीवर चढत होते, वरच्या झडपेत बघायला. "हा माझा फोन धराल जरा?"

त्यांनी फोन घेतला. सूप सांडेल म्हणून त्यांनी तो आपल्या खाऊच्या रिकाम्या पाकिटात घातला आणि तोंड दुमडलं. ते सगळंच पाकिटात ठेवतात, चष्मा, कवळी, औषधाच्या गोळ्या.

आणि टिकटिक थांबली.

मी खुर्चीवर तशीच उभी राहिले.

"झोपला वाटतं तुझा फोन," आजोबा म्हणाले.

"आजोबा, काढा बरं बाहेर."

काढला, झड. घातला, गप्प. पाकिटाच्या आतला चंदेरी पापुद्रा चमकत होता.

मी धावत सुटले. ताई यंत्रघराच्या दाराशी जमिनीवर बसली होती. मी तिला ओलांडून कपाटाकडे हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

"त्याला हात लावू नकोस."

"ताई, त्याच्या आत आहे."

"आज सकाळपासून सगळं माझ्यावर उलटलंय. आश्रमाचं हे एक यंत्र तेवढं चालू आहे. तू ते पाडणार आणि उरलंसुरलंही बंद पडणार. बास कर, आ-यु."

"पाकिटाच्या आत चांदीसारखा कागद असतो. लाट अडते त्याने. म्हणून खोलीत गप्प, आणि भिंतीकडे ओरडतो. भिंतीच्या बाजूने फाडलेलं असणार ते."

"ते पाकीट आहे. देवाला कुणी फाडतं का?"

"हे तू ठेवलंस?"

तिने मान खाली घातली.

"ताई, तू प्रत्येक पाकिटावर पेनाने 'शहाण्यासारखं वाग' लिहितेस. यावर कुठे आहे?"

तिने मान वर करून बघितलं. बघतच राहिली. मग माझं मनगट सोडलं आणि अगदी हळू म्हणाली, "कॅमेऱ्याच्या वायरी ओढायला आला होता ना एक माणूस. काम झाल्यावर त्याने बॅगेतून नवं पाकीट काढलं. म्हणाला, यंत्राला मी हात लावलाय, तर नवं मीच ठेवायला हवं. दोन्ही हातांनी ठेवलं गं. आम्ही सगळे म्हणालो, आजकाल इतका रीतीचा माणूस मिळत नाही. जुनं पाकीट त्याने नीट पिशवीत घातलं, कुठेतरी मानाने ठेवतो म्हणाला."

तिने स्वतः उठून दोन्ही हातांनी पाकीट उचललं. त्याच्यामागून एक बारीक काळी वायर खाली गेली होती, विजेच्या बोर्डापर्यंत, जिथे कुणी बघत नाही. पाठीवर लांब चीर, तिच्यावर पारदर्शक पट्टी. आत मक्याचा एक दाणाही नव्हता. हिरवा दिवा लुकलुकणारी, अंगठ्याएवढी पट्टी तेवढी होती. वायर न काढताच ताईने ते पाकीट फिरवलं, चिरेचं तोंड भिंतीकडून खोलीकडे केलं, आणि जेवणघरातून आजोबांचा आवाज आला, "अगं, झोपला तुझा फोन, बाहेर असूनसुद्धा."

ताई हसली, आणि हसताहसताच रडायला लागली. तिने दार लावून घेतलं, कारण नातेवाईक ओसरीत आले होते.

सभेत मी बोलायची फार तयारी करून गेले होते. बोलायची वेळच आली नाही. त्साओ बाईंसमोर आणि सगळ्यांसमोर ताईने ते पाकीट तिथल्या बोर्डात वायर लावून, चालू करून टेबलावर ठेवलं आणि एका माणसाला त्याचा फोन उघडून बघायला सांगितलं. त्याच्या पडद्यावर तेच पान उगवलं, 'स्वागत आहे'. मग एक बाई म्हणाल्या, "आमच्या घरच्या फ्रीजवरसुद्धा आहे असं," आणि तिथे बसलेल्या अर्ध्या माणसांनी आपापल्या घरातल्या पाकिटाचा विचार केला असणार, चेहऱ्यांवर दिसत होतं.

"पिन-हानचं नाव तक्रारीत येणार नाही," त्साओ बाई म्हणाल्या. "त्या वायरीवाल्याचं येईल."

"त्याला दार मी उघडलं," ताई म्हणाली. "पाकीट मीच वाकून ठेवू दिलं. सगळे डबे तपासले आणि तेवढं तपासलं नाही, कारण ते तपासायचं नसतं. हेही लिहा."

मी टेबलाखालून तिला लाथ मारली. तिने मला परत मारली, जास्त जोरात.

सभा संपल्यावर ती थांग आजोबांकडे गेली. त्यांचं खातं ॲपवाल्यांनी दुपारीच परत मिळवून दिलं होतं. ताईने त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसून फोन उघडला. नाव होतं, फोटो होता, बायकोचंही नाव होतं. त्या नावाखाली काहीच नव्हतं. चोराने खातं विकायच्या आधी सगळं पुसलं होतं.

"चोर सापडला ना पण?" आजोबांनी विचारलं.

"सापडेल. निरोप परत नाही येणार, आजोबा. मला माफ करा."

त्यांनी मान हलवली. फोन घेतला, आपल्या रिकाम्या पाकिटात घातला आणि तोंड दोनदा दुमडलं. बाहेर वाऱ्याने कुणाची तरी छत्री पळवली. आजोबा उठून त्यांच्या खोलीकडे निघाले, उघड्या पडवीतून, गळा उघडा.

मला राहवलं नाही. मी मागून म्हटलं, त्यांच्या बायकोचा ठसका जमेल तितका आणून, "मफलर घे, म्हाताऱ्या. वारा काही तुझा जावई नाही."

ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कपाटच पाडलं.

आजोबा थांबले. वळले नाहीत. "ती इतकं गोड नव्हती बोलत," म्हणाले.

मग खिशातून मफलर काढला आणि गुंडाळत गुंडाळत गेले.