शिट्टीने विचारलेला जाब

डॉक्टर साहेब, तुम्ही माझ्या मॅडमच्या गालाबद्दल सगळं बोललात, नसेबद्दल एक शब्द बोलला नाहीत. गालाच्या आत चरबीची गोळी असते, ती काढली की चेहरा कसा कोरीव दिसतो, हे तुम्ही फोटो दाखवून दाखवून सांगितलंत. त्या गोळीला लागूनच हसण्याची आणि फुंकण्याची नस जाते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही गप्प राहिलात. मी तेव्हा तिच्या पर्समध्ये होते. मी सगळं ऐकलं आहे.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. हळू बोलायला मला कोणी शिकवलं नाही. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. तापलेलं पितळ, साच्याचा दाब आणि पोटात टाकलेली बुचाची गोळी, एवढंच आठवतं. ती गोळी नाचली की माझा आवाज निघतो, आणि ती नाचण्यासाठी माणसाची फुंक लागते. माझं स्वतःचं असं काहीच नाही.

अमरावतीच्या एका दुकानातून मला देवमन गुरुजींनी घेतलं. तेव्हा ते व्यायामाचं शिक्षण घेत होते. पुढे तेल्हाऱ्याच्या शाळेत त्यांनी माझ्या जोरावर पोरं पळवली, कबड्डीचे सामने खेळवले, भांडणंही सोडवली. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या मुलीला, भावनाला, वलगावकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नोकरी लागली. गुरुजींनी मला नवी दोरी लावली आणि तिच्या गळ्यात घातलं. म्हणाले, "माह्यापेक्षा मोठ्यानं वाजव." तिने वाजवलं.

माझे सगळ्यात चांगले दिवस ते. जयंतीच्या मिरवणुकीत भावना मॅडमचं मुलींचं लेझीम पथक निघायचं. पांढऱ्या सलवारी, निळे फेटे. पुढे डफडे, मागे गाडीवरची गाणी, त्या कल्लोळात मागच्या रांगेतल्या मुलीला मॅडमचा हात दिसत नाही. तिला फक्त मी ऐकू येते. लांब शिट्टी झाली की पाऊल उचलायचं, तुटक झाली की डाव बदलायचा. सगळं पथक माझ्या आवाजावर वळायचं. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, "देवमनची पोरगी हाय थे." आणि मला वाटायचं, माझंच कौतुक चाललंय.

मग एका स्पर्धेत कोणीतरी तिचा फोटो काढला. मी तोंडात, गाल टम्म फुगलेले, डोळे बाहेर. तो शाळेच्या ग्रुपवर पडला. खाली एका सरांनी बेडकाचं चित्र टाकलं. पाठोपाठ सगळ्यांची हसरी तोंडं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तेच सर चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, शिट्टी फुकून फुकून तुमचे गाल सुटले बाप्पा." भावना मॅडम हसल्या. त्या हसण्यात काय होतं ते कोणी पाहिलं नाही. फुंकल्याने गाल सुटत नाहीत, हे खेळाच्या शिक्षिकेला कळत होतं. पण एखादी गोष्ट रोज ऐकली की कळणं मागे पडतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती अकोल्याला तुमच्याकडे आली, डॉक्टर साहेब. "आतून छोटासा छेद. बाहेर डागही नाही. शाळा उघडायच्या आत सगळं ठीक," असं म्हणालात आणि दोन्ही गालांतली गोळी काढलीत.

शाळा उघडली. सूज उतरली होती, आणि चेहऱ्याची उजवी बाजू सुजेबरोबरच खाली उतरली होती. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा. घास गालात अडकून राहायचा, तो तिला बोटाने काढावा लागायचा. हसली की अर्धाच चेहरा हसायचा. पहिल्या तासाला तिने मला ओठात धरलं आणि फुंकलं. मित्रांनो, मी इतकी वर्षं ओठात राहिले आहे, पण अशी फुंक मला कधी मिळाली नव्हती. हवा माझ्यात आलीच नाही. उजव्या कोपऱ्यातून फुस्स करून निघून गेली. मैदानावर पोट्टे एकमेकांकडे पाहू लागले. तिने मला तोंडातून काढलं आणि टाळ्या वाजवून कवायत घेतली.

ती परत तुमच्याकडे आली. तुम्ही म्हणालात, "नस थोडी दुखावली असेल. येईल आपोआप." म्हणजे नस होती तर. हे आधी का नाही?

आपोआप म्हणजे काय, हे देवमन गुरुजींना पटलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य मैदानावर गेलं. पाय मुरगळला, चालव. दंड गेला, डंबेल उचल. ते म्हणाले, "स्नायू हाय थो. बसवून ठेवला तर आळशी होते. जोर लाव."

"लावून तर राहिली, बाबा."

"अजून लाव. तुले दम काय कमी हाय?"

आणि मग रोज सकाळी अंगणात मी. ती उजवा गाल हाताने दाबायची, मान ताठ करायची आणि छाती फुटेल एवढ्या जोराने माझ्यात फुंकायची. गुरुजी समोर खुर्ची टाकून बसायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "शाब्बास, अजून." शेजारचे लोक खिडकीतून पाहायचे. हळूहळू आवाज निघू लागला. बारीक, चिरका, पण आवाज. गुरुजींचे डोळे भरून आले. मलाही वाटलं, सुटलो आपण.

दिवाळीच्या सुमारास एक नवीनच गोष्ट सुरू झाली. ती फुंकायची आणि उजवा डोळा आपोआप मिटायचा. पाणी प्यायला ओठ आवळले तरी डोळा मिटायचा. मग शेवटी ती अमरावतीत एका फिजिओथेरपीच्या मॅडमकडे गेली, ललिता मॅडमकडे. त्यांनी आरसा समोर ठेवला, तिला हळू ओठ आवळायला सांगितलं आणि तिच्या डोळ्याकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "नस परत वाढतेय, पण रस्ता चुकली आहे. ओठाकडे जायचे काही धागे डोळ्याकडे गेलेत. तुम्ही जोर लावला की सगळे एकदम ओढले जातात. जितका जोर लावाल तितकी ती सवय पक्की होईल."

गुरुजी दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे जोर नाई लावायचा?"

"अजिबात नाही, काका. चेहरा म्हणजे मांडी नाही. आरशात पाहून, अगदी थोडं, हळू. डोळा उघडा ठेवून."

घरी येऊन गुरुजींनी अंगणातली खुर्ची आत नेली.

मग मी कपाटातल्या डब्यात गेले, सेफ्टी पिना आणि तुटक्या बटणांमध्ये. डब्याच्या फटीतून मी तिला आरशासमोर बसलेली पाहायचे. ओठ एवढेसे हलवायचे. डोळा मिटला की थांबायचं. पुन्हा. चांगला दिवस आला तर चहा गळत नव्हता. वाईट दिवस आला तर ती आरसा पालथा घालायची. वाईट दिवस जास्त होते. खोटं सांगून मी तुम्हाला धीर देणार नाही, मित्रांनो. शाळेत ती तोंडावर रुमाल धरून शिकवायची, आणि ग्रुपवरचं ते बेडकाचं चित्र टाकणारे सर आता तिच्याकडे पाहायचंच टाळायचे.

एप्रिल आला. जयंती जवळ आली. मुली म्हणाल्या, "मॅडम, तुमी नाई तर आमी नाई." त्यांच्यात सगळ्यात पुढे मोनाली, लेझीमात सगळ्यांहून चपळ. भावना मॅडमनी मला डब्यातून काढलं, घासलं. ललिता मॅडमनी सांगितलं होतं, हळू फुंका, चालेल. पण डफड्यांच्या पुढे हळू फुंकलेली शिट्टी कोणाला ऐकू जाते?

मिरवणूक चौकात आली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पथक उभं राहिलं. तिने मला ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरलं, उजवा कोपरा बोटाने दाबला आणि फुंकलं. मी वाजले, लांब आणि स्वच्छ. मुलींनी पाऊल उचललं. गर्दीतून देवमन गुरुजींनी हात वर केला.

डाव बदलायची वेळ आली. तुटक शिट्टी. एक फुंक, डोळा मिटला. दुसरी फुंक, डोळा मिटला. बाजूच्या ओट्यावर बसलेला एक पोट्टा ओरडला, "मॅडम, कोनाले डोळा मारून राहिल्या?"

ओट्यावरचे सगळे हसले. ते हसू रस्त्यावर पसरलं. काही बाया हसल्या, काहींनी तोंडाला पदर लावला. भावना मॅडमनी मला तोंडातून काढलं. दोरी गळ्यातून काढली आणि मोनालीच्या हातात दिली. म्हणाल्या, "तू घे. थांबू नका." आणि गर्दीतून बाजूला झाल्या. पथक पुढे गेलं. मी मोनालीच्या तोंडात जोरात वाजत होते. आयुष्यात इतकं चांगलं वाजताना मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मोनाली मला परत द्यायला घरी आली. दारातच उभी राहिली.

"मॅडम, ताईचं लगन जमून राहिलं. थे अकोल्याले त्याच डॉक्टरकडं चालली, गालासाठी."

"तिले सांग माझ्याकडे यायला."

"सांगतलं मॅडम. तुमचं नाव घेऊन सांगतलं. तिनं फोन करून डॉक्टरले विचारलं. डॉक्टर म्हणते, असं आमच्याकडं आजवर एकाही पेशंटले झालं नाई."

भावना मॅडमनी ओठ आवळले आणि उजवा डोळा मिटला.

मित्रांनो, पुढच्या वेळी कोणाचा फोटो पाहून हसाल तेव्हा थांबा. एवढीच माझी विनंती आहे तुम्हाला. बाकीचं बोलणं माझं तुमच्याशी नाही.

डॉक्टर साहेब, ती मुलगी, मोनालीची ताई, आता तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसेल. तुम्ही पुन्हा फोटो दाखवाल. एकाही पेशंटला झालं नाही म्हणता, तर भावना देवमन तुमच्याकडे आली होती, ती कोण होती? मुलीच्या तोंडावर सांगा. तुम्ही बोलेपर्यंत मी वाजत राहणार.