बिजागरीला तेल

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण मला भिंत नाही. सिनेमांसाठी आवाज तयार करणाऱ्या एका खोलीत चौकटीसकट मला मधोमध उभे केले आहे. माझ्या अलीकडे जी खोली, तीच पलीकडे.

सुताराने घडवले तेव्हा मी मुका होतो. कुरकुर म्हातारपणी आली आणि तिच्यासाठीच मला येथे आणले. येथे एक नवरा-बायको काम करत. तो हेडफोन लावून आवाज टिपायचा आणि ती पडद्यावरच्या माणसांच्या पावलांचे आवाज स्वतः चालून काढायची. पुरुषाची पावले हवी असली की नवऱ्याच्याच जुन्या बुटांत चिंध्या कोंबून चालायची. "तुमच्या बुटांत तुमच्यापेक्षा मीच जास्त चालले," असे त्याला चिडवायची. तो मला किलकिला करायचा. माझी कुरकुर ही तिला चालू लागायची खूण. कुरकुर ऐकली की ती पलीकडून चालत यायची. मी एका बाजूला खचलो आहे, त्यामुळे पुरते उघडायला मला आधी किंचित उचलावे लागते. तिचा हात ते कधी विसरला नाही.

एका भुताच्या सिनेमाचे काम अर्ध्यावर असताना ती आजारी पडली आणि गेली. बूट माझ्या पलीकडे तसेच राहिले. तिच्या जागी त्यांची मुलगी कामाला आली.

त्या सिनेमात फारसे काही घडत नव्हते. एका बाईला घरात कोणीतरी आहे असे वाटत राहते, एवढेच. पहिल्याच दिवशी बापाने मला किलकिले केले आणि हेडफोन कानांवर दाबून धरला.

"छान चाललीस. अगदी आईसारखी."

"बाबा, मी अजून चाललेच नाही." मुलगी अनवाणी उभी होती.

तेव्हापासून प्रत्येक कुरकुरीमागून ती पावले येऊ लागली. दर वेळी थोडी जवळून. बापाला जेवणाची शुद्ध राहिली नाही. काम नसतानाही तो मला हलवत बसायचा.

"पुरे ना आता, बाबा. आरशात बघा जरा स्वतःला."

"अगं, दारापर्यंत आलीय ती. आत आली की तिघं मिळून जेवू."

एका दुपारी पावले माझ्यापाशी येऊन थांबली. पलीकडून एक गार हात माझ्या फळीवर टेकला. तो आता मला उचलेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने उचलले नाही. सरळ ढकलले.

मित्रांनो, तो हात तिचा नव्हता.

मी जमिनीत घट्ट रुतून राहिलो. पण बापाला हे सांगणार कसे? माझ्याकडे आवाज एकच, आणि तोच त्याला बोलावणारा.

मुलीला त्या हाताचे काही ठाऊक नव्हते. बाप वाळत चालला आहे, एवढेच तिला दिसत होते. त्याच संध्याकाळी तिने माझ्या बिजागऱ्यांत तेल सोडले.

"आईची वाट बंद केलीस तू," बाप म्हणाला.

"आई गेली. तुम्हाला नाही जाऊ देणार."

त्यानंतर ती आठवणीने तेल घालत राहिली आणि पलीकडे सगळे शांत होते. पण सध्या ती तापाने अंथरुणावर आहे. आज सकाळी बाप एकटाच आला, रॉकेलची चिंधी घेऊन. वरची बिजागरी त्याने कोरडी पुसली. आता खालची पुसतो आहे. पलीकडच्या बुटांची टोके कालपर्यंत भिंतीकडे होती. आता ती माझ्याकडे वळली आहेत.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही तेच सांगतो. घरातला एखादा दरवाजा कुरकुरत असेल, तर त्याला आजच तेल घाला. आणि तेल थोडे उरले, तर माझ्यासाठी घेऊन या. जरा लवकर या.